हेडफोनचा आवाज किती ठेवावा? फोनमधली मर्यादा आणि इशारे नीट लावून घेण्याची पद्धत

हेडफोन लावून आवाज वाढवत गेलं की एका टप्प्यावर फोन अडतो. बटण दाबत राहिलं तरी आवाज पुढे जात नाही. फोन खिशात असेल तर काय झालं तेही कळत नाही. बाहेर काढून पाहावं तर पडद्यावर सूचना असते, की जास्त आवाजात बराच वेळ ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. बहुतेक जण ती न वाचताच 'ओके' दाबतात आणि गाण्याकडे वळतात. ऐन रंगात असताना कुणीतरी मध्ये आल्यासारखं वाटतं, त्यामुळे चीड येणं साहजिक आहे.

पण ही सूचना का येते, फोन ती कशावरून ठरवतो आणि ती आपल्या सवयीप्रमाणे कशी लावून घ्यायची, हे एकदा समजून घेतलं तर रोजची कटकट संपते. माझं मत आधीच सांगतो, कारण पुढचा क्रम त्यावरच ठरवला आहे. नुसती मर्यादा लावून काही होत नाही. आवाज वाढवावासा का वाटतो, याचा बंदोबस्त आधी करायचा आणि मर्यादा त्यानंतर लावायची. उलट क्रमाने गेलात तर आठवड्याभरात कंटाळून ती बंद कराल.

हिशोब डेसिबलचा आणि तासांचा

"किती आवाज सुरक्षित?" हा प्रश्न अर्धाच आहे. "किती वेळ?" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कानाला होणारी इजा आवाजाच्या पातळीवर आणि कालावधीवर मिळून ठरते. ही पातळी डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित श्रवणासाठी एच.870 नावाचं मानक तयार केलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ते जाहीरपणे मांडलं. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास, आणि लहान मुलांसाठी किंवा कान नाजूक असलेल्यांसाठी 75 डेसिबलवर 40 तास अशी मर्यादा धरली आहे. याला आठवड्याचा डेटा पॅक समजा. हलकं वापरलं तर आठवडाभर पुरतो, जड वापरलं तर दोन दिवसांत संपतो.

तो किती झपाट्याने संपतो, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. प्रौढांचं गणित असं पडतं:

80 डेसिबल – आठवड्याला 40 तास
83 डेसिबल – 20 तास
86 डेसिबल – 10 तास
89 डेसिबल – 5 तास
92 डेसिबल – अडीच तास
95 डेसिबल – सव्वा तास
98 डेसिबल – 37 मिनिटांच्या आसपास
101 डेसिबल – जेमतेम 19 मिनिटं

ही मिनिटं पूर्ण आठवड्याची आहेत, दिवसाची नव्हेत. समजा कुणी रोज जाता-येता दीड तास 92 डेसिबलवर ऐकतो. सोमवारी दीड तास झाला. मंगळवारी आणखी एक तास झाला की आठवड्याचा कोटा संपला, आणि शनिवार-रविवार अजून पुढे आहेत. तोच माणूस 83 डेसिबलवर आला तर रोज दीड तास सातही दिवस ऐकून कोट्याचा जवळपास निम्मा भाग शिल्लक राहतो. फरक फक्त 9 डेसिबलचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या पट्टीवर काही पायऱ्यांचा. म्हणून "ऐकणं बंद करा" असा सल्ला मला पटत नाही. थोडं खाली येऊन हवं तितकं ऐकता येतं.

इजा नेमकी कुठे होते

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचं मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर करण्याचं काम त्यांचं. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी बळी जातात त्या साधारण 3000 ते 6000 हर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या, म्हणजे उंच सुरांच्या पेशी. त्यामुळे सुरुवातीला माणसाला "कमी ऐकू येतं" असं वाटत नाही. बोलणं ऐकू येतं, पण स्पष्ट येत नाही. 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण निसटायला लागतात, आणि गर्दीत समोरचा काय म्हणाला ते अंदाजाने भरून काढावं लागतं. शांत खोलीत सगळं ठीक वाटत असल्यामुळे हे वर्षानुवर्षं ध्यानातच येत नाही.

मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात आणि एक-दोन दिवसांत मोकळे होतात, हा अनुभव अनेकांचा असतो. मोकळे झाले म्हणजे भरून आलं, असं पूर्वी धरलं जायचं. 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात वेगळं दिसलं. ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे गेलेले होते. तेव्हापासून "दुसऱ्या दिवशी बरं वाटलं" या समाधानावर विसंबू नये, असंच मी म्हणतो.

फोनला कसं कळतं?

इशाऱ्यांची सुरुवात युरोपातल्या नियमांमधून झाली. 2013 च्या सुरुवातीपासून तिथल्या मानकांनुसार फोन आणि म्युझिक प्लेअरने सोबतच्या हेडफोनवर सुमारे 85 डेसिबलची पातळी ओलांडताना वापरकर्त्याची संमती घ्यायची, त्या पातळीच्या वर एकूण 20 तास ऐकून झालं की पुन्हा विचारायचं, आणि कमाल आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. अनेक अँड्रॉइड फोनवर आपण जी जुनी सूचना पाहत आलो, ती हीच.

या जुन्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. ती फक्त व्हॉल्यूमची पट्टी पाहते, प्रत्यक्ष काय वाजतंय ते पाहत नाही. त्याच पायरीवर हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आणि दणदणीत मिक्स केलेलं गाणं यांत बऱ्याच डेसिबलचा फरक असू शकतो. फोनच्या लेखी दोन्ही सारखेच.

नवी पद्धत त्याहून शहाणी आहे. ती प्रत्यक्ष वाजणाऱ्या ध्वनीची पातळी आणि कालावधी यांचा गुणाकार करत जाते आणि मागच्या सात दिवसांची बेरीज ठेवते. आयफोनवर आयओएस 14 पासून आणि अँड्रॉइडवर 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये ती सगळ्या देशांत आणि सगळ्या मॉडेलवर चालू असतेच असं नाही.

आता सगळ्यात जास्त तक्रार ज्याची असते तो मुद्दा. "माझ्या हेडफोनवर आवाज मुळातच बारीक आहे, तरी फोन इशारा का देतो?" साध्या वायरच्या हेडफोनबद्दल फोनला काहीच माहिती नसते. तो किती मिलिव्होल्ट बाहेर सोडतोय एवढंच त्याला ठाऊक असतं. तेवढ्याच विजेवर एखादा छोटा इअरफोन कानठळ्या बसवेल आणि एखादा मोठा, जास्त ओहमचा (म्हणजे विजेला जास्त अडवणारा) स्टुडिओ हेडफोन पुटपुटेल. फोन सावधपणे धरून चालतो की कानात जोरात वाजणारा इअरफोन आहे. म्हणजे तुमच्या हेडफोनबाबत त्याचा अंदाज चुकीचा असू शकतो, आणि अशा वेळी समजून-उमजून 'ओके' दाबण्यात काही गैर नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा. तुमचा इअरफोन फार संवेदनशील असेल तर इशारा येण्याच्या आधीच तुम्ही धोक्याच्या पातळीवर असू शकता.

ज्या हेडफोनची ओळख फोनला पटते, म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपनीचेच किंवा फोनने नीट ओळखलेले डिजिटल आणि ब्लूटूथ हेडफोन, त्यांच्यावर आकडा जास्त खरा असतो. इतरांवर तो अंदाजच समजावा. फोनच्या माइकवर हेडफोन धरून डेसिबल मोजणारं ॲप चालवण्याचा प्रकार बरेच जण करतात. त्या आकड्यावर विसंबू नका. हेडफोन कानाला लागून जो बंद कप्पा तयार होतो, तो फोनच्या माइकवर तयार होत नाही. आजूबाजूचा गोंगाट मोजायला मात्र असं ॲप चालतं.

पहिली पायरी: शांत खोलीतली आपली पातळी शोधा

एका शांत खोलीत बसा. पंखा, टीव्ही बंद. व्हॉल्यूम अगदी तळाला न्या आणि कुणीतरी बोलत असलेलं काहीतरी लावा, गाणं नको. एकेक पायरी वर चढा. प्रत्येक शब्द विनासायास कळायला लागला की थांबा आणि ती पायरी लक्षात ठेवा. मग तुमचं नेहमीचं गाणं त्याच पायरीवर लावा आणि दोन-चार मिनिटं तसंच ऐका. पहिल्या मिनिटात ते फिकं वाटेल. कान मोठ्या आवाजाला सरावलेला असतो, त्याला उतरायला थोडा वेळ लागतो. तो दिला की तीच पातळी पुरेशी वाटू लागते.

हे वरून खाली येताना करू नका. मोठ्या आवाजावरून उतरताना प्रत्येक पायरी अपुरी वाटते आणि आपण गरजेपेक्षा वरच थांबतो.

ज्यांच्या फोनवर डेसिबलचा आकडा दिसत नाही, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ नियम आहे, की कमाल आवाजाच्या 60 टक्क्यांच्या आत राहा. व्हॉल्यूमच्या 15 पायऱ्या असतील तर नववी. मी आणखी एक खूण वापरायला सांगेन. जुन्या पद्धतीचा इशारा ज्या पायरीवर येतो, ती फोनच्या अंदाजाने 85 डेसिबलच्या आसपासची असते. ती पायरी कोणती ते पाहून ठेवा आणि रोजचं ऐकणं तिच्या दोन-तीन पायऱ्या खाली ठेवा.

दुसरी पायरी: बाहेरचा गोंगाट अडवा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीने होतो, आणि नेमकी हीच वगळली जाते.

शांत खोलीत ठरवलेली पातळी घेऊन रहदारीत किंवा गाडीत जा. ती पुरत नाही, हे लगेच जाणवेल. वर्दळीच्या रस्त्यावर किंवा विमानात बाहेरचा आवाजच 80 डेसिबलच्या घरात असतो. गाणं त्याच्यावर उठून दिसावं म्हणून आपण 90 च्या पलीकडे जातो, आणि जाताना कळतही नाही, कारण कानाला गाणं "मोठं" वाटत नाही, "ऐकू येण्याइतकं" वाटतं. धोका आहे तो इथे. कानाच्या पडद्यावर पोहोचणारी ऊर्जा मात्र पूर्ण 90 चीच असते.

उपाय तीन, आणि पहिला फुकट आहे. कानात जाणाऱ्या इअरबडचे रबरी टोक योग्य मापाचे बसवा. डब्यात साधारणपणे तीन मापं असतात आणि लोक बसवलेलंच वापरत राहतात. टोक सैल असेल तर बाहेरचा आवाज आत येतो आणि ढोल-बेसचे खालचे सूर बाहेर निसटतात, म्हणून आवाज वाढवावा लागतो. योग्य माप बसलं की कान किंचित बंद झाल्यासारखे वाटतात आणि स्वतःचं बोलणं घुमतं. दोन्ही कानांना वेगळं माप लागणंही अगदी सामान्य आहे.

दुसरा उपाय, संपूर्ण कान झाकणारे हेडफोन. तिसरा, नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट हेडफोननेच दाबण्याची सोय. इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज अशा एकसुरी, खालच्या सुरातल्या गोंगाटावर ते उत्तम चालतं. लोकांच्या बोलण्यावर तितकं नाही. ते चालू केलं आणि आवाज मात्र जुन्याच पायरीवर ठेवला तर कानाला काहीच फायदा नाही. चालू केल्यावर शांत खोलीतली पायरी आठवून खाली यायचं. रस्ता ओलांडताना, सायकल किंवा दुचाकी चालवताना ही सोय आणि हेडफोन दोन्ही बाजूला ठेवा. तिथे ऐकू येणं जिवाच्या सुरक्षिततेसाठी लागतं.

आणि कधीकधी गोंगाट इतका असतो की यातलं काहीच पुरत नाही. अशा ठिकाणी ऐकू नये. त्या अर्ध्या तासात आठवड्याचा बराच कोटा जातो.

तिसरी पायरी: आयफोनवर मर्यादा लावणं

'सेटिंग्ज' उघडा, 'साउंड्स अँड हॅप्टिक्स'मध्ये जा, तिथे 'हेडफोन सेफ्टी' दिसेल. आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते.

एक, 'हेडफोन नोटिफिकेशन्स'. सात दिवसांचा कोटा संपला की ही सूचना येते आणि पुढच्या वेळी हेडफोन जोडल्यावर आवाज आपोआप खाली आणते. काही देशांत ती बंदच करता येत नाही. जिथे येते तिथेही करू नका. आठवड्यातून एखाद्या वेळी येणारी सूचना आहे ती, रोजचा त्रास नाही.

दुसरी, 'रिड्यूस लाउड ऑडिओ', जुन्या आवृत्त्यांत 'रिड्यूस लाउड साउंड्स'. ही चालू केली की 75 ते 100 डेसिबलची पट्टी दिसते. इथे ठरवलेल्या आकड्याच्या वर जाणारा आवाज फोन तिथल्या तिथे दाबतो, बाकीचं तसंच वाजतं. सिनेमात कुजबुज चालू असताना अचानक स्फोट होतो, अशा ठिकाणी हिचा खरा उपयोग.

आकडा कोणता ठेवावा? दिवसाला दोन तासांहून जास्त ऐकत असाल तर 80. तासभर ऐकणाऱ्याला 85 चालेल, कारण 85 वर आठवड्याला साडेबारा तास मिळतात, म्हणजे रोजचे पावणेदोन तास. 90 किंवा त्याहून वर ठेवायचं असेल तर मर्यादा लावल्याचं समाधान फसवं ठरेल.

ऐकता ऐकता आकडा पाहायचा असेल तर कंट्रोल सेंटरमध्ये 'हिअरिंग'चं कानाचं चिन्ह जोडून घ्या. गाणं चालू असताना ते हिरवं असेल तर 80 च्या आत, पिवळं झालं तर वर. मागच्या आठवड्याचा आलेख 'हेल्थ' ॲपच्या 'हिअरिंग' विभागात मिळतो. पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता नुसतं पाहा. आपण कोणत्या वेळी वर जातो ते तिथे दिसतं आणि ती वेळ बहुधा प्रवासाची किंवा व्यायामाची निघते. या हिशोबात कॉलवरचा आवाज धरला जात नाही. दिवसभर हेडफोनवर कामाचे कॉल घेणाऱ्यांनी तो मनानेच जमेला धरावा.

चौथी पायरी: अँड्रॉइडवर

इथे एकच रस्ता सांगता येत नाही. प्रत्येक कंपनीने मेनू आपापल्या पद्धतीने मांडला आहे. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'व्हॉल्यूम लिमिट' किंवा नुसतं 'व्हॉल्यूम' टाइप करणं हा सगळ्यात जवळचा मार्ग.

सॅमसंगच्या फोनवर 'साउंड्स अँड व्हायब्रेशन', मग 'व्हॉल्यूम', आणि तिथल्या तीन टिंबांच्या मेनूत 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' मिळतो. तो चालू करून पट्टी हवी तिथे आणा. तिथे डेसिबल दिसत नाहीत, त्यामुळे पहिल्या पायरीत शोधलेली पातळी इथे कामाला येते. तिच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वर मर्यादा बसवा. तिथेच पिन लावायची सोयही आहे.

अँड्रॉइड 14 किंवा पुढची आवृत्ती असेल आणि तुमच्या भागात मोजणी चालू असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. आठवड्याचा कोटा पूर्ण झाला की सूचना येते, पुढे प्रत्येक आणखी 100 टक्क्याला पुन्हा येते. सूचनेकडे लक्ष दिलं नाही तर फोन स्वतःहून आवाज खाली आणू शकतो. एका आठवड्यात दुसऱ्यांदा सूचना आली तर तो हेडफोनचा दोष नसतो. तुमची रोजची पातळीच वर आहे.

मर्यादेची सोयच नसेल तर? गाण्यांच्या ॲपमध्ये 'व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन' शोधून चालू करा, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाज उसळणार नाही. इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करण्याची सोय, वापरत असाल तर हवे ते सूर वर चढवण्याऐवजी नको ते खाली उतरवा. आवाज 'बूस्ट' करणारी ॲप काढून टाका. काही व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाज 100 टक्क्यांच्या पुढे नेता येतो. फोनच्या पट्टीला ती वाढ दिसत नाही, म्हणून जुन्या पद्धतीचा इशारा तिथे गप्प राहतो.

पाचवी पायरी: ब्लूटूथची भानगड

ब्लूटूथ हेडफोनच्या बाबतीत आवाजाचे दोन नळ असू शकतात, एक फोनवर आणि एक हेडफोनवर. बहुतेक जोड्यांमध्ये दोन्ही एकत्र चालतात. एक फिरवला की दुसरा हलतो. काही जोड्यांमध्ये ते वेगळे राहतात आणि मग फोनवर अर्धी पट्टी दिसत असताना हेडफोन पूर्ण जोरात असतो. तपासायला अर्धं मिनिट पुरतं. हेडफोनवरचं बटण दाबा आणि फोनची पट्टी हलते का पाहा. हलत नसेल तर फोनमधल्या मर्यादेवर विसंबू नका. आधी हेडफोनचा आवाज मधोमध आणून ठेवा आणि पुढची ये-जा फक्त फोनवरून करा.

एक सवय मात्र सगळ्यांनीच लावावी. आधी जोडा, मग गाणं सुरू करा, आणि त्यानंतर कानात घाला. जोडताना आवाज मागच्या वेळच्या पातळीवर उडी मारतो तेव्हा तो कानावर आदळत नाही.

गाडीच्या स्टिरिओला किंवा स्पीकरला फोन जोडल्यावरही हेडफोनचा इशारा येत असेल तर फोनची समजूत चुकली आहे. आयफोनवर 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ', त्या उपकरणापुढचं 'आय' चिन्ह, मग 'डिव्हाइस टाइप' असं जाऊन 'कार स्टिरिओ' किंवा 'स्पीकर' निवडा. नव्या अँड्रॉइडवर उपकरणाच्या तपशिलात अशीच निवड असते. हे केल्याने नाहक सूचना थांबतात आणि आठवड्याची बेरीजही खरी राहते. उलट, एखादा अनोळखी हेडफोन 'स्पीकर' म्हणून नोंदला गेला असेल तर त्याची मोजणीच होत नाही. तेही एकदा पाहून घ्या.

मुलांचे फोन

मुलांसाठीच्या हेडफोनच्या खोक्यावर "कमाल 85 डेसिबल" असं छापलेलं असतं आणि पालक निश्चिंत होतात. वरचं गणित इथे लावून पाहा. मुलांचा कोटा 75 डेसिबलवर 40 तास. 85 म्हणजे 10 डेसिबल जास्त, म्हणजे दहापट ऊर्जा. आठवड्याला फक्त चार तास उरले. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण त्यावर कालमर्यादा छापलेली नाही.

मुलाचा रोज दोन तासांचा ऑनलाइन वर्ग असेल, आठवड्यातून सहा दिवस, आणि आवाज 80 डेसिबल असेल, तर बारा तासांत त्याचा जवळजवळ सगळा कोटा वर्गातच जातो. गेम आणि व्हिडिओ त्यानंतर सुरू होतात. म्हणून घरातला वर्ग शक्यतो स्पीकरवर ऐकू द्या आणि हेडफोन राखून ठेवा.

आयफोन किंवा आयपॅडवर मर्यादा 75 ला आणा. मग 'स्क्रीन टाइम'मधल्या 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स'मध्ये 'रिड्यूस लाउड ऑडिओ'समोर 'डोंट अलाउ' निवडा, म्हणजे मुलाला ती बदलता येणार नाही. सॅमसंगवर वर सांगितलेला पिन लावा. इतर फोनवर पालक-नियंत्रणाच्या ॲपमध्ये ही सोय मिळते का ते पाहा, पण न मिळाल्यास मर्यादा असलेले हेडफोन आणि कमी तास हाच मार्ग. ते हेडफोन स्वतःच्या कानाला लावून, फोनचा आवाज पूर्ण करून एकदा ऐका. तुम्हालाच मोठं वाटलं तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, परत करा.

किशोरवयीन मुलांना पिन लावून फार दिवस थांबवता येत नाही. त्यांच्याबरोबर बसून आठवड्याचा आलेख पाहणं आणि तासांचा तक्ता दाखवणं याचा परिणाम जास्त होतो. आकडे त्यांना पटतात.

रोजच्या खुणा

शेजारच्याला आपलं गाणं ऐकू येतं का, ही जुनी कसोटी उघड्या हेडफोनला लागू पडते. कानात घट्ट बसणाऱ्या इअरबडमधून आवाज बाहेर फारसा येतच नाही, त्यामुळे तिथे ती निरुपयोगी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू न येणं हीही खूण नॉइज कॅन्सलेशनमध्ये चालत नाही. तिथे डेसिबलचा आकडा किंवा शांत खोलीतली पायरी, एवढंच.

तासाभराने पाच-दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. त्याचा आणखी एक उपयोग असा, की परत लावताना आवाज तळापासून चढवता येतो आणि नकळत वर सरकलेली पातळी पुन्हा खाली येते. हेडफोन लावून झोपण्याची सवय असेल तर तासांचा हिशोब करा. रात्रीचे सात तास म्हणजे आठवड्याला 49. आवाज अगदी मंद असेल तर कोट्यावर ताण येत नाही, तरी स्लीप टायमर लावून ते अर्ध्या तासावर आणणं सोपं आहे.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणं, आवाज कापसातून आल्यासारखा वाटणं, समोरच्याला वारंवार "काय?" विचारावं लागणं, टीव्हीचा आवाज घरातल्यांना मोठा आणि आपल्याला बेताचा वाटणं, यातलं काहीही होत असेल तर दोन-तीन दिवस हेडफोन पूर्ण बंद ठेवा. तरी राहिलं किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग होतो. मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणून काढलेले दिवस नंतर भरून निघत नाहीत.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअरडब्ल्यूएचओ' नावाचं मोफत ॲप आहे. गोंगाटात बोललेले अंक ओळखायला सांगून ते गुण देतं. त्यावर निदान होत नाही, पण दर काही महिन्यांनी करून गुण उतरताहेत का ते पाहता येतं. प्रत्यक्ष ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्याल तेव्हा रोज बरेच तास हेडफोन वापरतो हे तज्ज्ञांना आवर्जून सांगा आणि 3000 व 6000 हर्ट्‌झवरही तपासणी करायला सांगा. नेहमीच्या तपासणीत हे दोन टप्पे पुष्कळदा गाळले जातात, आणि हेडफोनच्या आवाजाची पहिली खूण याच पट्ट्यात दिसते. आलेखाची प्रत जपून ठेवा. पुढच्या तपासणीत तुलना करायला तीच लागते.